नाचवणारा पोस्ट-पंक अल्बम: स्टेजवरचा ठेका रेकॉर्डिंगमध्ये का पडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चौघांचा बँड: ड्रम्स, बेस, गिटार-गायन एकाकडे, आणि चौथ्याकडे दुसरी गिटार किंवा सिंथ. वळण पोस्ट-पंकचं (पंकनंतर आलेलं धारदार, तुटक रॉक), पण कार्यक्रमात लोक नाचतात. नव्या अल्बमचे ट्रॅक क्लिकवर (हेडफोनमधल्या मेट्रोनोमवर) वाजवले, कॉम्प्युटरवर काटेकोर जुळवले. आवाज मोठा आहे, स्वच्छ आहे, तरी ऐकणाऱ्याचा पाय हलत नाही. टेम्पो वाढवून झाला, किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) मोठी करून झाली. मग चुकतंय कुठे?

टेम्पो आणि किक सहसा निर्दोष असतात. नोट कुठे सुरू होते यावर सगळे जीव टाकतात आणि ती कुठे संपते याकडे कुणी बघत नाही. बिघाड बहुतेक वेळा तिथे सापडतो. कार्यक्रमात मोठ्या आवाजामुळे, खोलीच्या थरथरीमुळे आणि समोरच्या गर्दीमुळे हे झाकलं जातं. रेकॉर्डवर मदतीला काहीच नसतं. दोन ठोक्यांमधली शांतता नीट कापलेली नसेल तर ठेका चिखलात रुततो.

हिशोब करून बघा. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, एट्थ नोट २५० ची, सिक्स्टीन्थ १२५ ची. बेसवाल्याने एट्थ पूर्ण २५० मिलिसेकंद वाजू दिली तर फट उरतच नाही. तीच नोट १६० ते १८० वर दाबली तर ७० ते ९० मिलिसेकंदांची मोकळी जागा मिळते, आणि किकचा ठोका त्या जागेत उमटतो. किक सहा डेसिबलने वाढवून जे साधत नाही, ते बेसवाल्याच्या डाव्या हाताने साधतं.

म्हणून सुरुवात बेसपासून करा. नोट थांबवण्याचे तीन मार्ग आहेत: डाव्या हाताचं बोट फ्रेटवरून उचलायचं पण तार सोडायची नाही; उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ टेकवायची; किंवा ब्रिजच्या पुढे तारांखाली स्पंजची पट्टी सरकवायची. स्पंज लावला की सगळ्या नोटा एकाच मापाच्या आणि बुटक्या होतात. डिस्कोच्या अंगाने जाणाऱ्या गाण्याला ते शोभतं, धारदार पिकिंगच्या गाण्याला नाही. तारांचंही तसंच. फ्लॅटवाउंड तारा आपोआप लवकर विझतात. राउंडवाउंड तारा पिकने वाजवल्या की कडकडतात पण रेंगाळतात, मग हात जास्त राबवावा लागतो. एक गोष्ट मात्र दर गाण्यात तपासा: दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर (कडक वाजणारा छोटा ड्रम) पडते त्या क्षणी बेस वाजतोय का? ओळीची चाल अडत नसेल तर तिथली नोट स्नेअरच्या ऐन आधी बंद करा. एवढ्यानेच स्नेअर दुप्पट मोठी झाल्यासारखी वाटते.

बेस रेकॉर्ड करताना डीआय (बेसमधून थेट तारेने घेतलेला सिग्नल) आणि माइकने अँप दोन्ही घेत असाल तर माइकचं अंतर लक्षात ठेवा. स्पीकरपासून ३० सेंटीमीटरवरचा माइक डीआयपेक्षा जवळपास ०.९ मिलिसेकंद मागे असतो. दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवले की काही नोटा पोकळ लागतात आणि काही फुगतात, ते यामुळे. वेव्हफॉर्म मोठा करून माइकचा ट्रॅक तेवढा आधी, म्हणजे डावीकडे सरकवा, मग पोलॅरिटी (वेव्हफॉर्मचं वर-खाली) उलटी करून बघा. ज्या बाजूला तळ जास्त भरीव लागतो ती ठेवा.

आता ड्रम्स. या शैलीचा कणा म्हणजे चारही मात्रांवर किक आणि दोन मात्रांच्या मधोमध, ‘अँड’वर, उघडी हायहॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी). ऐकायला सोपं, पण गंमत डाव्या पायात आहे. हायहॅट ‘अँड’वर उघडते आणि पुढच्या किकबरोबर बरोब्बर बंद व्हायला हवी. पाय तीस-चाळीस मिलिसेकंद उशिरा आला तर उघड्या झांजेची सळसळ किकच्या तोंडावर पसरते. मग मिक्समध्ये किक दिसेनाशी झाली म्हणून तिला इक्यूने टोकदार केलं जातं, हायहॅट आणखी बोचते, ओव्हरहेड (ड्रम्सच्या डोक्यावरचे माइक) खाली आणले जातात आणि सगळे ड्रम्स बसतात. या सगळ्याचं मूळ एका पायात असतं. ड्रमरला फक्त किक आणि हायहॅट घेऊन १०० बीपीएमवर दहा मिनिटं बसवा आणि बंद होण्याचा ‘चिक्’ आवाज किकच्या आत लपेपर्यंत टेम्पो वाढवू नका.

दुसरी बारीक बाब सिक्स्टीन्थ हायहॅटची. साधारण ११६-१२० पर्यंत बरेच ड्रमर त्या एका हाताने वाजवतात. त्यापुढे दोन्ही हात लागतात. दोन हातांनी वाजवताना दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला उजवा हात स्नेअरवर जातो, म्हणजे तिथे हायहॅट नसते आणि स्नेअर एकटी, मोकळी पडते. एका हाताने वाजवलं की स्नेअरवरही हायहॅट असते आणि ठेका सलग, धावता वाटतो. दोन्ही चांगले, पण वेगळे. टेम्पो चार बीपीएमने वाढवताना नकळत एकातून दुसऱ्यात गेलात तर गाण्याचा पोतच बदलतो. ‘टेम्पो वाढवूनही मजा नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

ड्रम्ससाठी लहान, कोरडी खोली घ्या. मोठ्या हॉलची गुंज रॉकला शोभते. इथे ती नेमकी तुम्ही कष्टाने मिळवलेली शांतता भरून टाकते. किकमध्ये दोन्ही चामड्यांना जेमतेम टेकेल अशी घडी केलेली चादर ठेवा. स्नेअर थोडी चढी लावून कडेला टेपचा तुकडा चिकटवा. गाण्यात टॉम्स वाजत नसतील तर किटवरून चक्क काढून ठेवा, कारण न वाजवताही ते किकबरोबर घुमतात. क्रॅशही काढा. लीड्सच्या गँग ऑफ फोरचा १९७९ चा ‘एंटरटेनमेंट!’ ऐका: ड्रम्स किती कोरडे, किती तुटक आहेत आणि झांजांच्या गालिच्याशिवाय गाणं कसं चालतं ते कळेल. क्रॅश हवीच असेल तर नंतर वेगळी घ्या. माइक चार पुरेत: किकच्या आत एक, स्नेअरला एक, डोक्यावर साधारण एक मीटरवर एकच मोनो ओव्हरहेड, आणि खोलीत एक. खोलीचा माइक कॉम्प्रेसरने (आवाजातले चढउतार दाबणाऱ्या यंत्राने) चिरडून बाकीच्यांच्या खूप खाली ठेवायचा. ऐकू आला की जास्त झाला.

क्लिकबद्दल. दर मात्रेला ‘टिक’ ऐकत वाजवणारा ड्रमर त्या टिकच्या मागे धावतो. त्याऐवजी हेडफोनमध्ये शेकर किंवा काउबेलचा दोन बारांचा (एक बार म्हणजे चार मात्रा) लूप द्या, ज्यात ऑफबीट थोडा वजनदार असेल. लूपला किंचित स्विंग असला तर उत्तम: ५० टक्के म्हणजे सपाट, ५३ ते ५६ मध्ये डोलणं येतं, ६० च्या पुढे हा प्रकार पोस्ट-पंक राहत नाही. कोरसला टेम्पो एक-दोन बीपीएमने चढवला तरी कुणाच्या लक्षात येत नाही, गाणं मात्र उचललं जातं.

प्रत्येक गाणं तीन मिनिटांत संपवून पुन्हा पहिल्यापासून घेण्याची सवय सोडा. ठेका धरा आणि सहा-आठ मिनिटं न थांबता वाजवा. पहिली दोन मिनिटं बहुधा अवघडलेली असतात, मग शरीर सैल होतं. त्यातले उत्तम १६ बार शोधा. १२० ला १६ बार म्हणजे ३२ सेकंद, आणि साडेचार मिनिटांचं गाणं जेमतेम १३५ बारांचं असतं. टॉकिंग हेड्सने निर्माता ब्रायन ईनोबरोबर १९८० मध्ये ‘रिमेन इन लाइट’ केला तेव्हा हाच मार्ग धरला होता: बहामातल्या कंपास पॉइंट स्टुडिओत एकाच कॉर्डभोवती फिरणारे ठेके वाजवत राहायचे आणि रचना नंतर कोणता ट्रॅक उघडायचा, कोणता मिटायचा यातून घडवायची. तुमच्याकडेही म्यूटचं बटण हे रचनेचं मुख्य साधन ठरू शकतं.

जुळवाजुळव करताना शंभर टक्के क्वांटाइझ करू नका (म्हणजे प्रत्येक ठोका कॉम्प्युटरच्या ग्रिडला चिकटवू नका). किक आणि बेस यांच्यात वीस-पंचवीस मिलिसेकंदांहून जास्त अंतर असेल तर ते दोन ठोके वेगळे ऐकू येतात. तेवढेच दुरुस्त करा. पाच-दहा मिलिसेकंद मागे असलेला बेस जड वाटतो, तेवढीच पुढे असलेली गिटार अधीर वाटते. बँडचा स्वभाव त्यात असतो. तो इस्त्री करून टाकलात तर उरतं ते ड्रम मशीन. आणि मग खरंच ड्रम मशीन वापरावं. त्यात कमीपणा काही नाही. न्यू ऑर्डरने १९८३ च्या ‘ब्लू मंडे’त ओबरहाइम डीएमएक्स वापरलं आणि ते लपवण्याचा जराही प्रयत्न केला नाही. फक्त यंत्र आणि माणूस दोघांना एकच किक वाजवायला लावू नका. यंत्राला टाळ्या आणि हायहॅट द्या, किक ड्रमरकडे ठेवा, किंवा उलट करा. सिंथचा आर्पेजिएटर (कॉर्डच्या नोटा आपोआप एकामागून एक वाजवणारी सोय) असेल तर तो आधी ध्वनी म्हणून रेकॉर्ड करून ग्रिडवर बसलाय का ते डोळ्यांनी बघा. मिडी क्लॉकमुळे (यंत्रांना एका टेम्पोत ठेवणाऱ्या सिग्नलमुळे) तो काही मिलिसेकंद मागे असणं नेहमीचंच आहे. मग तोच ट्रॅक ड्रमरच्या हेडफोनमध्ये द्या.

गिटारकडे या शैलीत तालवाद्य म्हणून बघावं. गँग ऑफ फोरचे गिटारवादक अँडी गिल यांनी व्हॉल्व्ह अँपचा उबदार आवाज मुद्दाम टाळून ट्रान्झिस्टर अँपचा कोरडा, काचेसारखा आवाज निवडला, त्यामागे हाच विचार होता: डिस्टॉर्शनने नोट लांबते आणि फट बुजते. कार्यक्रमात जेवढा गेन वापरता त्याच्या निम्मा लावा. वरच्या तीन पातळ तारा पुरेत. डावा हात सैल ठेवून सिक्स्टीन्थचे खरखरीत फटके मारत राहायचं आणि त्यातल्या दोन-तीनच जागी कॉर्ड दाबायची. मिक्समध्ये २०० हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाका. एकच पार्ट दोनदा वाजवून डावी-उजवीकडे पसरवण्याची रॉकची सवय इथे घातक आहे. भिंत उभी राहते आणि ठेका तिच्यामागे जातो. दोन गिटार असतील तर एकीने विचारावं, दुसरीने उत्तर द्यावं, आणि दोघींनी मिळून कडव्यात आठ बार गप्प बसावं. दुसऱ्या गिटारला काम सापडतच नसेल तर तिच्या जागी दुसरा बेस घेऊन बघा. लीड्सच्याच डेल्टा ५ मध्ये दोन बेस होते, आणि एक तळाशी, एक वरच्या तारांवर अशी वाटणी केली की गिटारची आठवणही येत नाही.

किती कमी पुरतं याचा दाखला हवा असेल तर न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधल्या स्क्रॉगिन्स बहिणींचा ईएसजी ऐका. मँचेस्टरच्या फॅक्टरी लेबलसाठी मार्टिन हॅनेट यांनी १९८१ साली काढलेल्या त्यांच्या तीन गाण्यांत बेस, ड्रम्स, काँगा आणि आवाज, याच्यावर फारसं काही नाही. मात्र प्रत्येक गोष्टीभोवती मोकळी हवा आहे.

तालवाद्यांची भर घालताना हात आखडता ठेवा. टँबरीन गाणंभर वाजवली की ती ऐकू येणं बंद होतं. फक्त दुसऱ्या कोरसला आणा. काउबेलच्या तोंडावर टेप लावून ती बुजरी करा, नाहीतर तिची घंटा होते. टाळ्यांसाठी तीन-चार जण माइकपासून मीटर-दीड मीटरवर उभे करा, तीन टेक घ्या, एका टेकला सगळ्यांना दोन पावलं मागे न्या. या टाळ्या एकमेकींशी अचूक जुळवू नका. वीस-तीस मिलिसेकंदांत विखुरलेल्या टाळ्याच टाळ्यांसारख्या लागतात.

गायनात रिव्हर्ब जवळजवळ नको. ओळी तोडून, बोलल्यासारख्या म्हणा, आणि शेवटचं व्यंजन कुठे पडतं ते ठरवा. स्नेअरवर पडलेला ‘ट’ किंवा ‘क’ हा स्नेअरचाच भाग बनतो. स्नेअरवरून लांबत गेलेला ‘आ’ तिला गिळतो. हातात धरायचा साधा डायनॅमिक माइक, उभं राहून गायन आणि आठ-दहा डेसिबलचं कॉम्प्रेशन यांवर काम भागतं. समूहाच्या घोषणा वेगवेगळ्या अंतरावरून दोन-तीनदा घ्या.

एको मात्र वापरा, पण डबच्या (रेगेतल्या एकोप्रधान मिक्सिंगच्या) रीतीने. द पॉप ग्रुपचा ‘वाय’ आणि द स्लिट्सचा ‘कट’, दोन्ही १९७९ चे आणि दोन्हींचे निर्माते डेनिस बोव्हेल. पंकमध्ये डबची हवा कशी शिरली ते तिथे ऐकू येतं. डिले डॉटेड एट्थला लावा, म्हणजे १२० बीपीएमला ३७५ मिलिसेकंद. परतीच्या आवाजातून ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ३-४ किलोहर्ट्झच्या वरचं कापा. सेंड (डिलेकडे आवाज धाडणारा फेडर) कायम उघडा ठेवायचा नाही. ओळीचा शेवटचा शब्द किंवा चौथ्या बारातली एखादी स्नेअर आली की हाताने फेडर ढकलायचा आणि लगेच ओढून घ्यायचा. हे वाजवण्यासारखंच आहे. चार-पाच वेळा करून बघा, उत्तम टेक ठेवा, माउसने रेघा मारत बसू नका.

रचनेत भर घालण्याआधी काढायला शिका. कोरसच्या आधीच्या बारातल्या शेवटच्या दोन मात्रा किक आणि बेस दोन्ही बंद करा आणि समेवर एकदम आणा. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास आठ बार फक्त ड्रम्स, मग बेस, मग बाकीचे. तबला ऐकत वाढलेल्याला तिहाईनंतर सम कशी लागते हे सांगायला नको. इथे तीच उत्कंठा शांततेने तयार करायची असते.

मिक्स करताना किक, बेस, हायहॅट आणि आवाज या चौघांवरच गाणं उभं राहतंय का ते आधी बघा. गिटार सगळ्यात शेवटी उघडा. तळाची वाटणी सुरांप्रमाणे करा. बेसचा खालचा ई म्हणजे ४१ हर्ट्झ, ए म्हणजे ५५. गाणं ए मध्ये असेल आणि किकही ५५ च्या आसपास घुमत असेल तर दोघं एकमेकांच्या पायात येतात. किक ६५-७० कडे न्या किंवा बेसला ९०-१०० च्या पट्ट्यात वजन द्या. साइडचेन (किक पडताच बेस आपोआप दाबणारी जोडणी) वापरायचाच तर दोन-तीन डेसिबल, रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) ८० ते १२० मिलिसेकंद. त्याहून जास्त केलंत तर हाउस संगीताचा उसासा येतो, जो बँडच्या आवाजावर उपरा दिसतो.

मिक्स बसवरच्या (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथल्या) कॉम्प्रेसरने बरेच चांगले ठेके मारले आहेत. प्रमाण २:१, अटॅक (दाब बसायला लागणारा वेळ) ३० मिलिसेकंद, दाब दोन डेसिबलपर्यंत. रिलीज असा लावा की काटा पुढच्या ‘अँड’च्या आत शून्यावर परतेल, १२० ला त्यासाठी २०० मिलिसेकंदांच्या आतबाहेर जागा असते. रिलीज लांब राहिला तर प्रत्येक किक आपल्या मागची उघडी हायहॅट दाबते, आणि नाच तर तिच्यावरच तोललेला असतो. तपासायला आवाज अगदी बारीक करा, मोनोत ऐका, मग शेजारच्या खोलीत जाऊन ऐका. भिंतीपलीकडून बेसच्या नोटा मोजता आल्या पाहिजेत. सलग गुणगुण ऐकू आली तर मिक्सला हात न लावता बेसच्या ट्रॅकवर परत जा आणि नोटांच्या शेपट्या कापा. पाच मिलिसेकंदांचा फेड दिला की कापल्याचं कळत नाही.

मास्टरिंगला उणे ११ ते उणे १० एलयूएफएस (जाणवणाऱ्या आवाजाचं सरासरी माप) पुरे, ट्रू पीक उणे १ डेसिबल. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला उणे १४ वर सपाट करतं, त्यामुळे उणे ७ पर्यंत चेपलेला ट्रॅक सात डेसिबल खाली येतो आणि ठोक्यांची टोकं आधीच गेलेली असतात.

व्हायनिल काढणार असाल तर गाण्यांचा क्रम आत्ताच ठरवा. ३३ च्या वेगाला बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर नाचाचं संगीत १८-२० मिनिटं नीट बसतं, ४५ ला साधारण १२. त्याहून जास्त कोंबलं की पातळी आणि बेस दोन्ही उतरतात. पब्लिक इमेज लिमिटेडने १९७९ मध्ये ‘मेटल बॉक्स’ धातूच्या डब्यात, ४५ च्या तीन बारा इंची तबकड्यांवर काढला; डब्याचं कौतुक फार झालं, पण जाह वॉबलच्या बेसला जागा मिळाली ती त्या वेगामुळे आणि रुंद खोबणींमुळे. १५० हर्ट्झच्या खालचं सगळं मध्यभागी ठेवा. आतल्या खोबणींत उंच आवाज फाटतात, म्हणून उघड्या हायहॅटचं सगळ्यात तिखट गाणं बाजूच्या शेवटी नको. तिथे ९६-१०० बीपीएमचं संथ गाणं ठेवा. तसं एक तरी अल्बममध्ये हवंच, नाहीतर चौथ्या गाण्यापासून सगळं एकच वाटायला लागतं. दोन गाण्यांमधली फट सेकंदांत मोजू नका, आधीच्या गाण्याच्या मात्रांत मोजा.

आणि मिक्सचं सेशन बंद करण्याआधी प्रत्येक गाण्याच्या आणखी तीन फाइल काढून घ्या: वाद्यांची, नुसत्या आवाजाची, आणि डीजेसाठी सुरुवातीला आणि शेवटी १६-१६ बार फक्त ड्रम्स असलेली लांब आवृत्ती. द रॅप्चर या बँडचं ‘हाउस ऑफ जेलस लव्हर्स’ २००२ मध्ये डीएफए लेबलकडून बारा इंची सिंगल म्हणूनच आलं आणि अल्बमच्या आधी क्लबांत पोचलं. लांब आवृत्तीत फक्त एवढं सांभाळा की शेवटच्या १६ बारांत डिलेची शेपूट आणि कुठलाही सूर नको. पुढचा डीजे त्यावर दुसऱ्या पट्टीतलं गाणं चढवणार असतो.